पिंपाचा पेला

पलटणीत त्याला सगळे पिंप म्हणत. आता पिंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते आधी पुसून टाका. माणूस म्हणजे निव्वळ काडीपैलवान. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने जास्तीची भोकं पाडून घेतलेली, तरी चालता चालता विजार खाली यायची आणि सलाम ठोकताना दुसऱ्या हाताने ती सावरावी लागायची. हुद्द्याने हवालदार, कामाने कोठीवाला. म्हणजे पलटणीची रम ज्या खोलीत असते तिची किल्ली याच्या ताब्यात. पिंप हे नाव त्याच्या पोटाच्या आकारावरून पडलेलं नव्हतं. त्या पोटात आजवर काय काय रिचलं, याच्या ज्या कथा सांगत त्यावरून पडलं होतं.

कथांच्या मुळाशी एक रीत होती. फार वर्षांपूर्वी म्हणे एका कोठीवाल्याने चांगली रम बाहेर विकली आणि जवानांना पाणी घातलेली पाजली. ती माणसं नुकतीच बर्फातल्या ठाण्यावरून उतरलेली. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. त्यांनी कोठीचं दार उखडलं, कोठीवाल्याला पाण्याच्या हौदात बसवलं आणि तेच दार वरून झाकण म्हणून ठेवलं. तेव्हापासून नियम झाला. वाटपाच्या संध्याकाळी सगळी पलटण रांगेत उभी राहायची, कोठीवाल्याने सगळ्यांदेखत पहिला पेला स्वतः प्यायचा, रिकामा पेला टेबलावर पालथा घालायचा, आणि मगच वाटपाला हात लावायचा.

गेली वीस-बावीस वर्षं तो पहिला पेला पिंप पीत आला होता. एका दमात, डोळा न मिचकावता. नंतर कधी त्याचा पाय लटपटला नाही, जीभ जड झाली नाही, की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसला नाही. भले भले पैलवान दोन मापांत आडवे व्हायचे आणि हा काटकुळा माणूस त्यांना खांद्यावर टाकून बराकीत पोचवायचा. नवीन भरती झालेल्यांना जुने जवान आधी तोफा दाखवत आणि मग पिंप दाखवत.

आणि खरी गोष्ट अशी, की या पिंपाने जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता.

त्याचा बाप प्यायचा. कुठल्या गटाराच्या काठाला बाप पडलाय हे शोधायला रोज याला पाठवायचे. एकदा आईने त्याला प्रार्थनाघराच्या पायरीवर नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "तू नाही ना रे पिणार?" तो नाही म्हणाला. शब्द दिला तो दिला. पुढे फौजेत आला, बर्फात गुडघा गेला, आणि साहेबांनी विचारलं, "कोठी सांभाळशील? कुटुंबासाठी खोल्या मिळतील." बायकोला तेव्हा दिवस गेलेले. पीत नाही म्हणावं तर कोठी जाते आणि पुन्हा बर्फ नशिबी येतो. म्हणून तो फक्त "हो साहेब" म्हणाला आणि खोलीवर येऊन डोक्याला हात लावून बसला.

मार्ग काढला आचाऱ्याने. आचारी म्हणजे पलटणीच्या भटारखान्याचा राजा, पिंपाचा जिवाभावाचा दोस्त, आणि रमचा सच्चा भक्त. तो म्हणाला, "हे बघ, रम खरी आहे का हे कुणीतरी चाखून बघितलंच पाहिजे. तो तर माझ्या आवडीचा विषय. मी कोठीत आधी चाखतो. तुझ्या पेल्यात मी कोरा चहा घालतो, थंडगार, बिनसाखरेचा. रंगाला रंग जुळतो. तू चहा पी, मी तुझ्या वाटचं पितो. पलटणीची फसवणूक नाही, आणि तुझा शब्दही मोडत नाही." पिंपाने त्याला शपथ घातली, की हे गुपित जीव गेला तरी फोडायचं नाही. आचाऱ्याने ती पाळली. चाखण्याचं कर्तव्य तर इतक्या मन लावून पाळलं, की वाटपाच्या दिवशी आमटीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही.

या सगळ्याचा एकच तोटा झाला. त्या थंड, कडू चहाने पिंपाच्या तोंडाची अशी काही वाट लावली, की पुढे त्याला चहाच नकोसा झाला. कुणाच्या घरी गेला आणि चहा आला की हा हात जोडायचा. लोक एकमेकांना डोळा मारत, "त्यांना चहाने काय होतंय."

बाकी पलटणीत देवाधर्माची माणसं कमी नव्हती. नाना पंथ, नाना देव, पण रमच्या बाबतीत प्रत्येकाने आपापल्या देवाशी परस्पर समझोता केलेला. एकाच्या धर्मग्रंथात द्राक्षाची दारू वर्ज्य होती. तो म्हणायचा, रम उसाची असते, उसाबद्दल ग्रंथात चकार शब्द नाही. दुसरा उपासाच्या महिन्यात पीत नसे, पण माप सोडतही नसे. बाटलीत साठवून महिना संपल्यावर एकदम पारणं फेडायचा. तिसरा पिताना प्रार्थनाघराकडे पाठ करायचा, देवाला दिसू नये म्हणून. अफू-गांज्याला मात्र छावणीत थारा नव्हता. तसलं काही सापडलं तर थेट कोठडी. एक म्हातारा सुभेदार सांगायचा, की त्याच्या पणजोबाच्या काळी लढाईआधी अफूच्या गोळ्या वाटत आणि एकदा अख्खी तुकडी शत्रू येईपर्यंत झोपून राहिली होती. खरं-खोटं देव जाणे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि पिंपाची लेक लग्नाची झाली.

लेक नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागली होती. त्याच शाळेत इतिहास शिकवणारा एक मुलगा होता. दोघांचं जमलं. मुलगा गुणी, शांत, कुणीही हसत हसत मुलगी द्यावी असा. पण नशीब बघा, बाप कोण? तर गावातले प्रवचनकार गुरुजी. दारूबंदीवर गुरुजींची जीभ इतकी चाले, की त्यांच्या प्रवचनानंतर लोक खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायला घाबरत. तीस वर्षं त्यांनी दारुड्यांना सुधारण्यात घालवली होती. गुरुजी मुलीला भेटले, खूश झाले, आणि म्हणाले, "मुलगी लाखात एक. आता एकदा वडिलांची चौकशी करतो."

चौकशीला ते नेमके त्या दिवशी आले, जेव्हा पिंप माल आणायला दूरच्या भांडारात गेला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "कोठीवाले हवालदार कसे आहेत हो स्वभावाने?"

"देवमाणूस," पहारेकरी म्हणाला. आपल्या पिंपाची चौकशी चाललीय, कदाचित बक्षीसबिक्षीस असेल, असं समजून त्याने भर घातली. "आणि पिण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नाही."

"पितात?"

"पितात काय विचारता काका, नदी पितात. वीस वर्षं झाली, पाय म्हणून वाकडा पडलेला नाही."

गुरुजी पुढे न्हाव्याकडे गेले. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "मी त्यांची दाढी करतो. तोंडाला वास म्हणून येत नाही. आता बोला. इतकी मुरलीय अंगात." शेवटी ते भटारखान्यात गेले. आचारी इमानाला जागणारा. गुपिताची शपथ घेतलेला. त्याला वाटलं, हा माणूस पिंपाचं गुपित काढायला आलाय. मग काय, त्याने छाती ठोकून सांगितलं, "अहो, मी माझ्या या हाताने पेला भरतो, काठोकाठ. एक थेंब सांडत नाहीत." गुरुजींनी हात जोडले आणि आल्या पावली परत गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लेक घरी आली ती थेट आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. निरोप स्पष्ट होता. गुरुजींनी मुलाला सांगितलं होतं, "जगात कुणाचीही मुलगी कर, पण त्या घरातली नको."

पिंपाच्या बायकोने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याला फैलावर घेतलं. "म्हटलं होतं ना मी? ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. आणि तुम्ही तर वीस वर्षं झाडाखाली मांडी घालून बसलात. पिंप म्हणवून घ्यायला किती गोड वाटायचं ना?"

"तुझ्या बाळंतपणासाठी केलं सगळं," पिंप म्हणाला.

"त्याच बाळंतपणातली पोर आत रडतेय. जा आणि गुरुजींना खरं काय ते सांगा."

दार उघडून लेक बाहेर आली. नाक लाल झालं होतं, पण बोलणं सरळ. "बाबा, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. पण तुम्ही पलटणीत खोटे ठरून नको. तुमच्या दंडावरची फीत उतरवून मला हार घालायचा नाही." आता या पोरीला काय म्हणावं? बापाचा जीव गलबलून गेला. तो टोपी घालून निघाला.

गुरुजींच्या बैठकीत चहा आला. पिंपाने सवयीने हात जोडले. गुरुजींनी ते बघितलं.

"मी पीत नाही," पिंपाने मुद्द्याला हात घातला.

गुरुजी हसले, तेही दमल्यासारखे. "हवालदारसाहेब, तीस वर्षं हे काम करतोय. मला भेटलेल्या प्रत्येक दारुड्याचं पहिलं वाक्य हेच असतं."

"पण गुरुजी, मी खरंच पीत नाही."

"दुसरं वाक्यही हेच असतं."

"पेल्यात चहा असतो. कोरा चहा."

"समोर ठेवलेल्या चहाला तर तुम्ही शिवलाही नाहीत." कपातल्या चहावर साय धरली होती. पिंपाने ती बघितली आणि त्याचं तोंड आंबट झालं. गुरुजींच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्यांनीही ते तोंड बघितलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं.

"याला साक्षीदार कोण?" गुरुजींनी विचारलं.

"आचारी."

"तो तर म्हणाला, स्वतःच्या हाताने काठोकाठ रम भरतो."

"मी शपथ घातलीय म्हणून म्हणाला."

"तो स्वतः पितो का?"

इथे पिंप अडकला. खोटं बोलायला आला नव्हता. "पितो," तो म्हणाला.

"किती?"

"माझ्या वाटचीपण."

गुरुजी उठले. म्हणजे भेट संपली. पिंपही उठला, विजार सावरली, दारापर्यंत गेला आणि वळला. लेकीचं लाल नाक डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे धीर आला. "पुढच्या आठवड्यात पलटणीचा स्थापना दिन आहे. गावातल्या लोकांना आमंत्रण असतं. तुम्ही या, माझ्या शेजारी उभे राहा, आणि मी तोंडाला लावायच्या आधी पेल्याचा वास घ्या. रम निघाली तर मी माझ्या मुलीला समजावीन. पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

गुरुजी दारापर्यंत आले. मग म्हणाले, "आजवर एकाही दारुड्याने मला पेल्याचा वास घ्यायला बोलावलेलं नाही. एवढ्यासाठी येतो."

स्थापना दिनाला मैदान फुलून गेलं होतं. पलटण रांगेत, बायकापोरं मांडवात, गावची मंडळी खुर्च्यांवर. पिंपाची बायको आणि लेक दुसऱ्या ओळीत बसलेल्या. मोठे साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, दिलखुलास माणूस. गुरुजींनी "ही रीत जवळून बघायची आहे" असं म्हटल्यावर त्यांनी आनंदाने त्यांना टेबलापाशी उभं केलं. दारूबंदीवाले गुरुजी रमच्या टेबलाशी उभे, हे बघून जवानांच्या रांगेत खसखस पिकली. मोठ्या साहेबांच्या डाव्या हाताला छोटे साहेब. नुकतेच बदलून आलेले, वयाने कोवळे, नियमाला काटेकोर. कुठे काय खोट सापडते यावर त्यांचा डोळा.

आता कोठीत काय झालं ते ऐका. आचाऱ्याला पिंपाने सगळं सांगून ठेवलं होतं. आपल्यामुळे पोरीचं लग्न मोडलं, या विचाराने आचारी अर्धमेला झालेला. मन घट्ट करायला म्हणून त्याने त्या दिवशी रम एकदा चाखली. मन घट्ट झालं नाही. पुन्हा चाखली. अशी चार-पाचदा मनाची मशागत केल्यावर त्याने चहा पेल्यात ओतला, आणि वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. चहा गाळायचा विसरला.

पेला तबकातून टेबलावर आला. पिंपाने तो उचलला आणि ठरल्याप्रमाणे क्षणभर गुरुजींच्या बाजूला धरला. गुरुजी वाकले, दीर्घ श्वास घेतला. रमचा वास नव्हता. होता तो चहाचा, साधा, घरगुती. आणि त्यांनी नीट बघितलं तर कडेला चहाची चांगली टपोरी पत्ती तरंगत होती. गुरुजींनी मान वर केली आणि पिंपाकडे बघितलं. तीस वर्षांत ज्या माणसाचा कुणी दारुडा विश्वास मिळवू शकला नव्हता, त्याचा चेहरा एकदम मऊ झाला आणि तो हसला. पिंपाच्या छातीवरचा दगड उतरला.

तेवढ्यात छोटे साहेब म्हणाले, "थांबा."

ते टेबलापाशी आले. "गुरुजींनी वास घेतला आणि ते हसले. का हसले? पेला इकडे द्या, बघू."

पिंपाच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला पेला हलेना. पेला साहेबांच्या हातात गेला की संपलं. या मैदानात, या रांगांसमोर, बायको आणि लेकीसमोर दंडावरची फीत उतरणार. वीस वर्षं ज्या जवानांना खांद्यावरून पोचवलं, तेच म्हणणार, पिंपाने आपल्याला बनवलं. आचारी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, तो खांबासकट हलला. लेक खुर्चीतून अर्धी उठली. पिंपाने तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, लग्न तरी जमलं, बाकी जायचं ते जाऊ दे. त्याने पेला पुढे केला.

तो छोट्या साहेबांच्या हातात पोचलाच नाही. गुरुजींनी मधल्या मध्ये घेतला, तोंडाला लावला आणि मान मागे टाकून एका दमात रिकामा केला. मग तो टेबलावर पालथा घातला. रीतसर, आवाज होईल असा.

क्षणभर कुणाला काही कळेना. आणि मग पलटणीने जी आरोळी ठोकली, ती ऐकून फाटकाबाहेरची कुत्री पळाली.

छोटे साहेब थक्क होऊन बघत राहिले. "कशी होती?" त्यांच्या तोंडून गेलं.

गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आणि आताही बोलायची गरज पडली नाही. तोंड वेडंवाकडं झालं होतंच. "कडू," ते म्हणाले. त्यांच्या मिशीला चहाची पत्ती चिकटली होती. ती फक्त पिंपाला दिसत होती. त्याने हळूच आपल्या ओठावर बोट नेलं. गुरुजींनी जिभेने पत्ती आत घेतली आणि गिळली.

मोठे साहेब हसून हसून लाल झाले होते. "ज्यांनी जन्मात थेंब घेतला नाही त्यांनी आपली रम चाखली, छोटे साहेब. आता याहून मोठी साक्ष कुठून आणायची? करा वाटप सुरू."

वाटप झालं, बँड वाजला, आणि गर्दी पांगल्यावर गुरुजी नि पिंप कोठीच्या मागे रिकाम्या खोक्यांवर येऊन बसले. पिंपाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

"तुमचं नाव गेलं, गुरुजी," तो म्हणाला. "तीस वर्षांचं."

"गेलं," गुरुजी म्हणाले. "संशय मी घेतला, वास मी घेतला, हसलो मी, आणि फीत तुमची जाणार. हा कुठला न्याय? मला दुसरं काही सुचलं नाही." मग ते पिंपाकडे वळले. "आणि एक सांगू? माझ्या प्रवचनाला पुढच्या रांगेत जे बसतात, त्यातले किती जण घरी कपाटामागे बाटली ठेवतात ते मला ठाऊक आहे. न पिण्याचं सोंग घेणारे पुष्कळ बघितले. पिण्याचं सोंग घेऊन कोरडे राहिलेले तुम्ही पहिलेच. चला घरी. विहीणबाईंना आणि मुलीला घ्या बरोबर."

चौघं बाजारातून निघाली. पण बातमीला कुठे पाय लागतात? ती यांच्या आधी पोचली होती. सुट्टीवर निघालेले जवान वाटेत गुरुजींना कडक सलाम ठोकत होते. गुत्त्याच्या दारात बसलेला एक जण उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, आता तुमच्या प्रवचनाला येईन. आजवर वाटायचं, तुम्हाला यातलं काय कळतंय." गुरुजींनी त्याला वार आणि वेळ सांगितली. पिंपाच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. रडत होती की हसत होती, ते तिचं तिला माहीत.

घराच्या दारात गुरुजींच्या पत्नी उभ्या होत्या. दोन्ही हात चौकटीला. त्यांच्यामागे मुलगा, चेहरा पडलेला.

"तोंड उघडा," त्या म्हणाल्या.

"अगं, चहा होता," गुरुजी म्हणाले.

"पहिलं वाक्य हेच असतं."

"अगं, खरंच चहा होता."

"दुसरंही हेच. तीस वर्षं तुमची प्रवचनं ऐकतेय मी. उगाच नाही."

गुरुजी गडबडले. भर सभेत हजार माणसांसमोर कधी न अडखळलेला माणूस, पण बायकोसमोर शब्द सापडेना. त्यांनी पिंपाकडे बोट केलं. "साक्षीदार आहेत. यांना विचार."

बाईंनी पिंपाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हे? पिंप?"

पिंपाने विजार सावरली. आता आपण काहीही बोललो तरी ते आचाऱ्याच्या साक्षीसारखंच होणार, हे त्याला पुरतं कळलं. गुरुजींना काय भोगावं लागणार तेही कळलं, कारण ते तो स्वतः वीस वर्षं भोगत होता. त्याने नुसते हात जोडले. लेक त्याच्या मागे उभी होती.

बाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मुलाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे, एकदा त्या पोरीकडे. मग हात चौकटीवरून काढले आणि बाजूला झाल्या. "या आत सगळे."

"म्हणजे, लग्नाचं..." गुरुजींनी घाबरत विचारलं.

"लग्नाचं काय? भर मैदानात तुमची ही कीर्ती झाल्यावर आपल्या मुलाला आता कोण मुलगी देणार आहे? हे द्यायला तयार आहेत तोवर ठरवून टाका."

मुलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. लेकीने आईचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी वाकली. पिंप बैठकीत जाऊन बसला तो पहिल्या वेळच्याच जागी, आणि त्याला भडाभडा रडू आलं. कुणी त्याला थांबवलं नाही.

थोड्या वेळाने चहा आला. बाईंनी पहिला कप पिंपापुढे ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. पिंपाने हात जोडायला म्हणून उचलले, बायकोने त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, आणि त्याने कप घेतला. दूध भरपूर होतं, साखरही. गरम होता. चहा असा लागतो हे तो विसरूनच गेला होता. त्याने तो एका दमात संपवला आणि सवयीने कप बशीत पालथा घातला.

बाईंनी तो उचलला, नाकापाशी नेऊन वास घेतला, आणि पुन्हा भरून दिला.